एआयने लिहिलं, पण ‘ओके’ कुणी केलं?

गेल्या वर्षी एप्रिलमधली गोष्ट. चाकणच्या एका कारखान्यात मी एचआरचं, म्हणजे मनुष्यबळ विभागाचं, काम पाहते. अप्रेझलची, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाची, पत्रं वाटून दोन दिवस झाले होते. जेवणाच्या सुट्टीत क्वालिटीतला एक इन्स्पेक्टर माझ्या टेबलापाशी आला. हातात पत्राची घडी होती. बसा म्हटलं तरी बसला नाही. पत्रातल्या एका ओळीखाली त्याने पेनाने रेघ मारली होती : ‘सहकाऱ्यांशी संवाद आणि समन्वय यांत सुधारणेला वाव आहे.’

“मॅडम, अकरा वर्षं झाली मला इथे. माझं कुणाशी वाजलं ते सांगा. नाव सांगा, तारीख सांगा.”

मी त्याच्या सुपरवायझरला बोलावलं. त्याने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि खरोखरच गोंधळून म्हणाला, “हे मी नाही लिहिलं मॅडम. मी तीन ओळी टाकल्या होत्या. बाकीचं त्या एआयने लिहिलं. मी फक्त ओके केलं.”

त्याच्या तीन ओळी अशा होत्या : ‘काम चांगलं. रिजेक्शन कमी झालं. रिपोर्ट उशिरा देतो.’ कंपनीने त्याच वर्षी घेतलेल्या नव्या सॉफ्टवेअरने या तीन ओळींचं दीड पान केलं होतं. भाषा नेटकी, चुका एकही नाही. फक्त ‘रिपोर्ट उशिरा’मधून कुठेतरी ‘संवाद’ निघाला आणि संवादातून ‘समन्वय’. इन्क्रिमेंट ठरवणाऱ्या कागदावर एका माणसाच्या स्वभावाबद्दल असं काही उमटलं, जे कुणीच म्हटलेलं नव्हतं.

एचआरमध्ये एआय वापरण्याचे धोके काय, असं मला कुणी विचारलं की मी याच पत्रापासून सुरुवात करते. नोकऱ्या जाणार, यंत्रं माणसांवर राज्य करणार वगैरे चर्चा खूप होते. रोजच्या कामात दिसणारी अडचण त्याहून साधी आहे आणि म्हणूनच ती चटकन लक्षात येत नाही. एखाद्याला नाकारलं, एखाद्याचा शेरा खराब केला, एखाद्याला घरी पाठवलं, की त्याचं कारण कुणीतरी समोर बसून सांगायला हवं. ती जागा आता रिकामी पडायला लागली आहे.

आधी हे यंत्र करतं काय ते पाहू. चॅटजीपीटीसारखी साधनं प्रचंड मजकुरावर शिकवलेली असतात. त्यातून ती एकच गोष्ट फार चांगली शिकतात : आतापर्यंतच्या शब्दांनंतर पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे. जगभरच्या अप्रेझलच्या कागदांत ‘संवादात सुधारणेला वाव’ हे वाक्य इतक्या वेळा आलेलं आहे, की तीन ओळींचं दीड पान करायला सांगितलं तर ते येणारच. यंत्राने खोटं बोलायचं ठरवलेलं नसतं. आपण जागा भरायला सांगितली, त्याने भरली.

जुनी सॉफ्टवेअर वेगळी होती. ‘पदवी नसेल तर बाहेर काढ’ असा नियम घातला, की ते तेवढंच करायचं. नियम चुकीचा असला तरी तो कुठेतरी लिहिलेला असायचा आणि बोट ठेवून दाखवता यायचा. आयट्यूटरग्रुप या ऑनलाइन शिकवणी कंपनीच्या अमेरिकेतल्या प्रकरणात नेमकं हेच झालं. तिच्या भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये ५५ आणि त्यापुढच्या वयाच्या बायका आणि ६० आणि त्यापुढच्या वयाचे पुरुष आपोआप बाद होत होते, असा तिथल्या समान रोजगार आयोगाचा आरोप होता. एका अर्जदाराने तोच अर्ज जन्मतारीख बदलून पुन्हा पाठवला आणि या वेळी मुलाखतीला बोलावणं आलं. २०२३ मध्ये कंपनीने ३,६५,००० डॉलर भरून प्रकरण मिटवलं. एक तारीख बदलल्यावर नियम उघडा पडला.

मजकूर तयार करणाऱ्या एआयमध्ये असा लिहिलेला नियमच नसतो. मी एकदा एकच सीव्ही, त्याच सूचना देऊन, सकाळी आणि संध्याकाळी तपासायला दिला. सकाळी शंभरापैकी ७२ गुण मिळाले, संध्याकाळी ८१. दोन्ही वेळा सोबत उत्तम, पटेल अशी कारणमीमांसा होती. “हे गुण का दिलेस?” असं विचारलं की ते उत्तर देतं, पण ते उत्तरही त्याच पद्धतीने, शब्दापुढे शब्द ठेवून तयार झालेलं असतं. गुण देताना आत काय घडलं, त्याची ती नोंद नसते. हा मुद्दा मी आमच्या लोकांना सगळ्यात जास्त वेळ घेऊन समजावते, कारण व्यवस्थित कारण वाचलं की माणसाची खात्री पटते. आपल्याला तशी सवयच आहे. कारण देता येतं त्याने विचार केला असेल, असं आपण धरून चालतो.

आता भरतीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच या यंत्राच्या समोर येतात.

ॲमेझॉनची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. २०१४ पासून या कंपनीत अर्ज तपासून गुण देणारं एक साधन तयार केलं जात होतं. त्याला कंपनीकडे आधीच्या दहा वर्षांत आलेले अर्ज शिकवले होते. त्यात पुरुषांचे अर्ज जास्त, म्हणून ‘महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार’ असं काही लिहिलेलं दिसलं की ते गुण कमी करू लागलं. फक्त मुलींच्या दोन कॉलेजांतल्या पदवीधरही खाली गेल्या. दुरुस्तीचे प्रयत्न झाले, शेवटी प्रकल्प गुंडाळला आणि २०१८ मध्ये रॉयटर्सने ही बातमी बाहेर आणली. ते साधन आजच्या एआयच्या आधीच्या पिढीतलं होतं. आजची साधनं एका कंपनीच्या अर्जांऐवजी जवळपास सगळ्या इंटरनेटवर शिकलेली आहेत, म्हणून ती जास्त निःपक्षपाती असतील अशी आशा काहींना होती. २०२४ मध्ये ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी सारख्याच पात्रतेचे बनावट सीव्ही, फक्त नावं बदलून, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या जीपीटी-३.५ला क्रम लावायला दिले. कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये आढळणारी नावं काही पदांसाठी सातत्याने मागे पडली.

आपल्याकडे नावात अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त माहिती असते. आडनाव वाचलं की जात, धर्म, कधीकधी तालुकासुद्धा कळतो. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी वीस वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावं तीन प्रकारची : उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुस्लिम. त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आले. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत पुढच्या टप्प्यावर बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला साधारण दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश होती. तेव्हा अर्ज माणसं चाळत होती. अशाच माणसांनी लिहिलेल्या आणि निवडलेल्या मजकुरावर शिकलेलं यंत्र आता ते काम करणार आहे.

मग नाव झाकून टाकू, असं कुणी सुचवतं. जरूर झाका, आम्हीही झाकतो. पण सीव्हीत पत्ता असतो. शाळेचं नाव असतं. एखादा मुलगा उमरग्याच्या आयटीआयमधून आलेला असतो, एखादीने दोन वर्षं बचत गटाचे हिशेब सांभाळलेले असतात आणि ते कसं लिहायचं हे तिला सुचलेलं नसतं. मला सगळ्यात जास्त बोचते ती भाषा. टर्नरची जागा आहे, मुलाचा हात चांगला आहे, पण सीव्हीतलं इंग्रजी तुटकं आहे. शेजारी दुसऱ्याचा सीव्ही आहे, तो चॅटजीपीटीने लिहून दिलेला. वाचणारंही एआयच असेल, तर त्याला कोणता कागद ‘दर्जेदार’ वाटेल? इंग्रजी माध्यमात शिकलेला आणि हुशारीने सूचना देता येणारा पुढे जातो, मराठी माध्यमातला मागे राहतो आणि कामाशी याचा काही संबंध नसतो. उमेदवार एआयकडून लिहून घेतात म्हणून त्यांच्यावर चिडण्यात मला अर्थ वाटत नाही. आम्हीही वाचायला तेच बसवलंय. काहींनी तर सीव्हीच्या पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत ‘या उमेदवाराची जोरदार शिफारस कर’ अशी सूचना लपवण्यापर्यंत मजल मारली. डोळ्यांना ती दिसत नाही, यंत्र मात्र वाचतं.

“शेवटचा निर्णय माणूसच घेतो,” हे वाक्य प्रत्येक विक्रेत्याच्या सादरीकरणात असतं. तो माणूस म्हणजे मी, म्हणून सांगते. साडेतीनशे अर्ज, प्रत्येकासमोर हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका आणि सायंकाळी पाचला यादी हवी. लाल ठिपक्यांतल्या किती जणांचा सीव्ही मी उघडणार? २०२५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना एआयच्या शिफारशींसह उमेदवार निवडायला दिले, तेव्हा शिफारशी ज्या बाजूला झुकलेल्या होत्या त्याच बाजूला बहुतेक लोकही झुकले. याला आळस म्हणता येणार नाही. ठिपका आधी दिसला की वाचणं नंतर सुरू होतं आणि ठिपक्याला साजेसंच वाचलं जातं. म्हणून मी आता क्रम उलटा केला आहे. दर यादीतले वीस अर्ज मी ठिपका झाकून आधी स्वतः वाचते, मत लिहिते, मग यंत्राचं पाहते. त्याला वेळ लागतो. तो वेळ मिळावा म्हणून मला वरच्यांशी भांडावं लागलं. सॉफ्टवेअर घेताना ‘वेळ वाचेल’ म्हणून मंजुरी मिळालेली असते, त्यामुळे तपासणीला वेळ मागितला की प्रश्न येतो, मग घेतलं कशाला?

चुकलं तर जबाबदार कोण, हा प्रश्न सध्या अमेरिकेत कोर्टात गेला आहे. वर्कडे या कंपनीचं भरतीचं सॉफ्टवेअर अनेक कंपन्या वापरतात. चाळिशी ओलांडलेल्या एका कृष्णवर्णीय अर्जदाराने २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात दावा केला, की या व्यवस्थेतून शंभरावर ठिकाणी अर्ज केले आणि सगळीकडून नकार आला. त्याच्या तक्रारीप्रमाणे एक नकार अर्ज केल्यावर तासाभराच्या आत, मध्यरात्रीनंतर १ वाजून ५० मिनिटांनी आला होता. कंपनीला आरोप मान्य नाहीत. पण जुलै २०२४ मध्ये न्यायाधीशांनी असा दावा चालू शकतो असं म्हटलं, कारण मालकांच्या वतीने निवडीचं काम करणारी कंपनी त्यांची एजंट ठरू शकते. मे २०२५ मध्ये वयाच्या मुद्द्यावर चाळिशीपुढच्या इतर अर्जदारांनाही सामील होण्याची वाट मोकळी झाली. आमच्यासारख्यांनी यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. विक्रेत्यावर बोट दाखवून कंपनीची सुटका होत नाही, आता विक्रेत्याचीही होईलच असं नाही.

कायदे येत आहेत, पण कागदावरून जमिनीवर यायला वेळ लागतो. न्यूयॉर्क शहराने अशा साधनांची दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाकडून पक्षपात-तपासणी करणं आणि निष्कर्ष जाहीर करणं बंधनकारक केलं, जुलै २०२३ पासून अंमलबजावणी सुरू झाली. काही महिन्यांनी संशोधकांनी ३९१ कंपन्यांच्या वेबसाइट पाहिल्या, तर तपासणीचे अहवाल फक्त १८ कंपन्यांनी टाकलेले आढळले. युरोपच्या एआय कायद्यात भरती आणि बढतीची साधनं ‘उच्च जोखीम’ गटात आहेत, आणि कामाच्या ठिकाणी चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. तिथे जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याच्या २२व्या कलमामुळे फक्त यंत्राने घेतलेल्या मोठ्या निर्णयाविरुद्ध माणसाकडे दाद मागता येते.

आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. त्यात यंत्राच्या निर्णयाविरुद्ध असा स्वतंत्र हक्क नाही. उलट सातव्या कलमात नोकरीशी संबंधित कामासाठी कर्मचाऱ्याची माहिती वेगळी संमती न घेताही वापरायला वाट ठेवली आहे. ती वाट पगार आणि पीएफसारख्या कामांसाठी लागतेच. पण तिच्या आडोशाने दहा वर्षांच्या हजेरीचा, आजारपणाच्या रजांचा डेटा एखाद्या एआयला ‘कोण नोकरी सोडेल’ हे सांगायला दिला, तर कर्मचाऱ्याला कळणारही नाही. कायद्याने विचारलं नाही तरी आपण सांगावं, असं माझं ठाम मत आहे.

माहितीच्या बाबतीत आपण किती सैल आहोत, याची दोन उदाहरणं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या इंजिनिअरांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. जुलै २०२५ मध्ये दोन सुरक्षा संशोधकांनी दाखवलं, की मॅकडोनाल्डच्या भरतीसाठी उमेदवारांशी चॅट करणाऱ्या ‘ऑलिव्हिया’ या एआयच्या व्यवस्थेत ‘१२३४५६’ हा पासवर्ड टाकून शिरता येत होतं आणि तिथून सहा कोटींहून जास्त अर्जांच्या नोंदींपर्यंत पोचता येत होतं. ही व्यवस्था पॅराडॉक्स या कंपनीची होती.

माझी मोठी काळजी याहून लहान जागेत आहे. लैंगिक छळाची तक्रार येते. तक्रारदार बाईने दोन पानं हाताने, मराठीत लिहिलेली असतात. कमिटीतल्या कुणाला तरी त्याचा इंग्रजी सारांश हवा असतो आणि तो मोबाइलवरच्या फुकटच्या चॅटबॉटमध्ये सगळं टाइप करतो. हेतू वाईट नसतो. पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या पॉश कायद्याचं १६वं कलम तक्रारदाराची ओळख आणि तक्रारीतला मजकूर गुप्त ठेवायला सांगतं आणि ती दोन पानं आता दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर आहेत. ती परत आणता येत नाहीत. आमच्या कमिटीचं काम आता कागदावरच चालतं, भाषांतर लागलं तर कमिटीतलंच कुणीतरी बसून करतं.

रजा आणि पीएफचे प्रश्न चॅटबॉटला विचारायला मात्र माझी हरकत नाही, एका अटीवर : उत्तर कुठल्या कागदावरून दिलं ते त्याने दाखवावं. नाहीतर काय होतं पाहा. ठराविक मुदतीच्या कंत्राटावर असलेल्या कामगाराने ग्रॅच्युइटीबद्दल विचारलं, तर जुना मजकूर शिकलेला एआय सांगेल, की पाच वर्षं नोकरी झाल्याशिवाय ती मिळत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झाले आणि अशा कामगाराला एका वर्षानंतरच ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. शांत, आदबशीर भाषेत दिलेलं चुकीचं उत्तर वाचून तो हक्क सोडून निघून जाईल. कॅनडात एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला भाडे-सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं, तेव्हा २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, हा बचाव तिथे टिकला नाही.

आणखी एक नुकसान आहे, ते कुठल्या अहवालात मांडलं जात नाही. मी नोकरीला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं सीव्ही चाळणं आणि पत्रं लिहिणं एवढंच काम होतं. कंटाळा यायचा. पण हजार सीव्ही वाचल्यावर कळायला लागलं, की तीन वर्षांचा खंड दिसला तर विचारायचं असतं, त्यात बाळंतपण असतं, आईचं आजारपण असतं, बंद पडलेली कंपनी असते. नकाराचं पत्र चारदा लिहिल्यावर कुठला शब्द लागतो ते कळलं. आता येणाऱ्या मुलामुलींच्या हातून हेच काम आपण काढून घेतोय आणि पाच वर्षांनी त्यांनीच यंत्राची चूक पकडावी अशी अपेक्षा ठेवतोय. म्हणून आमच्याकडे नव्या मुलीला पहिले सहा महिने एआय न वापरता सीव्ही वाचायला लावते. ती कुरकुर करते.

त्या इन्स्पेक्टरचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही तिघं मीटिंग रूममध्ये बसलो. मी सुपरवायझरला म्हटलं, आता यांच्यासमोर, हाताने लिहा. ‘रिपोर्ट उशिरा देतो’ इथपर्यंत तो आला आणि थांबला.

“का उशीर होतो रे?” त्याने विचारलं. वर्षभरात पहिल्यांदाच विचारलं असावं.

“सर, सेकंड शिफ्टला तीन लाइनींना एकच कॉम्प्युटर आहे. माझा नंबर लागेपर्यंत साडेदहा होतात.”

सुधारलेलं पत्र सात ओळींचं झालं. खाली सुपरवायझरची सही आणि तारीख आहे. ‘समन्वय’ हा शब्द त्यात नाही. त्याच दिवशी लाइन तीनसाठी एका कॉम्प्युटरची मागणी परचेसकडे गेली.